भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

नागोराव सूर्यवंशींच्या घरी पाहुणा आला, की चहाला उकळी फुटायच्या आत ती गोष्ट निघायचीच. शनिवारी दुपारी आलेला पाहुणा खरं तर नवा नव्हता. पंढरी मेहेर हा पालघरजवळच्या माहीमचा फिटर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सूत पिळणाऱ्या यंत्रांच्या एकाच खात्यात तो आणि नागोराव पंधरा वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. नागोराव चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पंढरी अजून कामावर होता. ही गोष्ट त्याने किमान पन्नासदा ऐकली असेल. तरी सुक्या बोंबलांची पिशवी नागोरावांच्या पत्नी साखरबाईंच्या हातात देऊन तो दिवाणावर टेकला, तसे नागोराव त्याच्याकडे वळले आणि बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या बाईनं त्या गाडीवालीला कसं गंडवलं, सांगितलं का मी तुला?"

मोठ्यांदा बोलण्याला त्यांचा इलाज नव्हता. स्वतःचाच आवाज पोचत नसल्यामुळे तो किती लावायचा, याचा अंदाज त्यांना राहिला नव्हता. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना निम्मं कळे. उरलेल्यासाठी कोपऱ्यात एक पांढरी पाटी आणि काळं पेन ठेवलेलं असे.

'आमची बाई' म्हणजे त्यांची लेक प्रियदर्शिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आदल्या संध्याकाळी मुंबईहून बोईसरला आली होती, ती दोन गोष्टी सांगायचं ठरवून. आल्यापासून अठरा तास होत आले होते आणि एकही सांगून झाली नव्हती. वडिलांची गोष्ट सुरू झाली, तशी तिने नजर खाली केली.

गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. कारखान्यात दरवर्षी कानांच्या तपासणीची गाडी येई. गाडीत एक बंद काचेची खोली. तिच्यात कामगाराने कानांवर हेडफोन चढवून बसायचं, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर एक बाई यंत्रापुढे बसून आवाज सोडायच्या आणि कागदावर खुणा करायच्या. त्या वर्षी नागोराव तपासणीत उणे पडले. आठ दिवसांनी पुन्हा तपासू, तेव्हाही असंच निघालं तर पॅकिंगला पाठवू, असं त्यांना सांगण्यात आलं. पॅकिंगची माणसं कंत्राटी. मंदी आली की पहिली नावं त्यांचीच कापली जात. लातूरकडचं गाव सोडून आलेल्या माणसाला यंत्रावरची ती जागा म्हणजे पायाखालची जमीन होती. प्रियदर्शिनी तेव्हा अठरा वर्षांची, भौतिकशास्त्र शिकणारी. वडील घरी येऊन गप्प बसले, तेव्हा तिने त्यांना एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घेतलं होतं. बाई कुठे बसतात, हात कुठे असतो, काचेत काय दिसतं. आणि अर्ध्या तासात तिला उत्तर सापडलं होतं. आवाज सोडताना त्या बाईंचा उजवा खांदा जरासा खाली जातो. काचेतल्या प्रतिबिंबात तो दिसतो.

"आठ दिवस रोज तालीम," नागोराव सांगत होते. "हिची आई स्टुलावर बसायची, हातात चमचा. माझ्या कानात कापसाचे बोळे. चमचा दाबला की खांदा हलायचा, खांदा हलला की मी दाबायचं. आन् बाई काय म्हनली, ठावं हाय? म्हनली, अण्णा, सगळेच दाबू नका. खरं वाटायला थोडं चुकायला पायजे." ते मनापासून हसले. "तवापासून नऊ वर्षं एकदा फेल झालो न्हाई. यंतराला बनवलं पोरीनं. शास्त्रज्ञच ती, तवापासूनच."

पंढरीने नेहमीच्या जागी नेहमीसारखी मान हलवली. मग प्रियदर्शिनीकडे पाहून तो म्हणाला, "ताई, आमच्या पन कामी आला हां तुमचा फार्मुला. मी तर अजून त्याच्यावरच पास हाय."

प्रियदर्शिनीने मान वर केली. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"म्हंजे काय," पंढरी सहज सांगू लागला, "नागोभाऊंनी शिकवला ना आमाला. आमी सगले त्या गाडीला खांदा म्हनतो. येत्या बुधवारी परत येते गाडी. आता नवी पोरगी हाय, तिचा खांदा नाय हलत, पन मान हलते. चालतंय." आणि तो हसून बशीत चहा ओतू लागला.

तिने विचारलं, सगळे म्हणजे कितीजण. पंढरी म्हणाला, असतील पंधरा-वीस, काही सोडून गेले. नागोरावांना हे बोलणं पोचलं नव्हतं. दोघांचे चेहरे पाहून त्यांना एवढंच वाटलं, की गोष्ट रंगली. आणि तेही हसले.

प्रियदर्शिनी आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

तिच्या अपराधाला आजवर एक आकार होता. तो आकार वडिलांएवढा होता. त्याला सांभाळायची तिला सवय झाली होती, आणि त्याच्यापासून सुटायच्या दोन-तीन वाटाही तिने करून ठेवल्या होत्या. आपण अजाण होतो, ही एक. सहा वर्षांपूर्वी अण्णांना क्षय झाला, तेव्हाच्या इंजेक्शनांनीही कान गेले असतील, ही दुसरी. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. यंत्रांनी किती नेलं आणि औषधाने किती, हे आता कुणाला सांगता येणार नाही. ही दुसरी वाट तिला फार आवडे. पण यंत्रावर उभे राहिलेले ते नऊ वर्षांचे दिवस एकेक करून आठवले, की ती वाटही थोड्या अंतरावर संपायची.

तिने ध्वनी आणि कान हाच अभ्यासाचा विषय का निवडला, असं मुलाखतीत विचारलं गेलं, तेव्हा तिने वडिलांचं नाव घेतलं होतं. परीक्षकांना ते हृद्य वाटलं होतं. चमच्याचं तिने सांगितलं नव्हतं.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत ती पाच वर्षं अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशावर काम करत होती. ज्याचे कान गेले, त्याच्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या पोकळीत बारीक तार बसवतात आणि विजेच्या झटक्यांनी श्रवणाचा मज्जातंतू जागा करतात. त्या शस्त्रक्रियेने हजारो माणसं पुन्हा ऐकू लागली आहेत. पण कानातल्या पाण्यात वीज पसरते. एका ठिकाणी सोडलेला झटका शेजारच्या दहा तंतूंना लागतो, आणि सूर एकमेकांत मिसळतात. प्रकाश पसरत नाही. केसासारख्या काचतंतूतून अवरक्त प्रकाशाचा क्षणभराचा ठिपका नेमक्या जागी टाकला, तर तेवढाच तंतू जागा होईल, अशी कल्पना होती. चार वर्षांपूर्वी, तारेची शस्त्रक्रिया करून घ्या असं डॉक्टरांनी नागोरावांना सांगितलं, तेव्हा तिने ही कल्पना त्यांना पाटीवर चित्र काढून समजावली होती. वीज म्हणजे सगळं सूत एकदम हिसडणं. प्रकाश म्हणजे एकेका चातीवरचा एकेक धागा उचलणं. जन्मभर धागे सांभाळलेल्या माणसाला ते लगेच पटलं. आणि मग तिने लिहिलं होतं, "थांबा थोडं. तारेपेक्षा प्रकाश बरा."

ते थांबले. अमुक वर्षं झाली की मज्जातंतू सुस्त होतात, उशीर कराल तसा तारेचा गुण कमी येईल, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. नागोरावांचं उत्तर ठरलेलं होतं: माझी पोरगी करते आहे.

त्या प्रयोगात प्रियदर्शिनीकडे काम होतं ते सुरक्षिततेचं. प्रकाशाने उष्णता होते. किती ऊर्जेपर्यंत तंतू भाजत नाही, किती तास सतत दिली तरी चालते, ही सीमा तिने गिनीपिगांवर मोठ्या काळजीने आखली होती. सहा तासांत एक अंशाचीही वाढ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती निर्मळ. औषधाने बहिरे केलेल्या प्राण्यांमध्येही मेंदूकडून उत्तराची लाट उमटत होती. लेख लिहून तयार होता. तेव्हा तिच्या मार्गदर्शक रूपल मॅडमनी एक शेवटची चाचणी सांगितली: काचतंतू जरा फिरवून बघ, प्रकाश मज्जातंतूवर न पडता हाडावर पडू दे.

तिने फिरवला. पडद्यावर लाट तशीच उमटली.

मग त्यांनी कानात बाहेरून खरखर सोडली, आणि लाट नाहीशी झाली. प्रकाशाच्या प्रत्येक ठिपक्याने कानातलं पाणी क्षणभर तापून फुगत होतं आणि त्याची बारीक टिकटिक होत होती; त्या प्राण्यांच्या कानांत ज्या थोड्या पेशी उरल्या होत्या, त्या ती टिकटिक ऐकत होत्या. मज्जातंतूने काहीच केलं नव्हतं. जे प्राणी पुरते बहिरे होते, त्यांची रेष सरळ राहिली. ऊर्जा वाढवत नेली, तेव्हा एका ठिकाणी क्षीणशी लाट आली खरी; पण तिने आखलेली सीमा तोवर केव्हाच मागे पडली होती, आणि नंतर काचपट्टीवर ती ऊती उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी दिसली. तिचा प्रकाश सुरक्षित होता, कारण सुरक्षित असेपर्यंत तो तंतूला हातच लावत नव्हता. इतर प्रयोगशाळांतून वेगळे निकाल आले होते, वाद मिटला नव्हता, पुढे कुणाला मार्ग सापडेलही. पण तो नागोरावांच्या आयुष्यात सापडेल, असं म्हणायला आता तिच्याजवळ काही नव्हतं.

हे घडून वीस दिवस झाले होते. रूपल मॅडमना तिने त्याच संध्याकाळी अहवाल दिला, लेख मागे घेतला, आणि तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही झालं. ते कौतुक ऐकताना तिला प्रयोगशाळेच्या काचेत स्टुलावर बसलेली आई दिसली होती.

पंढरी गेल्यावर साखरबाई आत आल्या. बोंबील डब्यात भरता भरता त्यांनी लेकीकडे न बघता विचारलं, "कालपासनं काय गिळून बसलीस?"

तिने आईला प्रयोगाचं सांगितलं, आणि सांगता सांगता चमच्यापर्यंत आली. साखरबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"तू शिकत होतीस," त्या म्हणाल्या. "मी तर शिकत न्हवते. रातच्याला हाक मारली तरी ह्यांना येत न्हाई, हे मला तवाच कळलं होतं. तरी बसलेच की स्टुलावर." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ते सोड. थांबू नका म्हनून सांग त्यांना. ते काम तुलाच करावं लागंल. माझं ऐकायचे न्हाईत."

तिने पाटी घेतली. वडिलांसमोर बसून ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिली. प्रकाश येणार नाही, हे तीन शब्द होते. त्यांच्याऐवजी तिने लिहिलं, "प्रकाशाच्या कामाला अजून वेळ लागेल."

"लागू दे," नागोराव म्हणाले. "मला कुठं गाडी धरायचीय."

मग तिने जे लिहिलं, ते लिहिताना आपण पुन्हा तेच करत आहोत हे तिला दिसत होतं. तिने लिहिलं, "सोमवारी पालघरला कानाची तपासणी करू. प्रयोगासाठी लागेल." पालघरची तपासणी तारेच्या शस्त्रक्रियेसाठी होती. एकदा तिथे नेलं, की डॉक्टरच सांगतील, असा तिचा हिशेब होता. नागोरावांनी पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. साखरबाईंना त्यांनी निळा शर्ट इस्त्री करायला सांगितला.

सोमवारी सकाळी बोईसरहून एसटीने ते पालघरला उतरले. दवाखाना बाजारातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. श्रवणतपासणी करणारी दीपाली मूळ मासवणची, तिशीच्या आतली, चटपटीत. डॉक्टर जितेश अकराला येणार होते. त्याआधी तपासणी उरकून घेऊ, असं तिने सांगितलं. तपासणीची खोली लहान होती. खुर्ची शिस्तीप्रमाणे आडवी ठेवलेली, म्हणजे बसणाऱ्याला यंत्र दिसू नये. समोरच्या भिंतीवर मात्र कानाच्या रचनेचं एक मोठं चित्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं.

प्रियदर्शिनी बाहेरच्या बाकावर बसली. दाराच्या खिडकीतून तिला वडिलांची पाठ आणि हातातलं बटण दिसत होतं. ते ताठ बसले होते. अंगठा मधूनमधून दाबला जात होता, एका लयीत, आणि मग एखाद्या वेळी मुद्दाम राहून गेल्यासारखा थांबत होता. ती लय तिच्या ओळखीची होती. ती तिनेच बसवली होती.

तिने उठायला हवं होतं. ती बसून राहिली. कदाचित खरंच थोडं ऐकू येत असेल, असा एक वेडा विचार तिने काही मिनिटं धरून ठेवला.

दीपाली कागद घेऊन बाहेर आली. तिने दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ताई, रागवू नका. काकांना सर्टिफिकेट पाहिजे आहे का?"

"कसलं सर्टिफिकेट?"

"अपंगत्वाचं. लोक येतात आमच्याकडे. ऐकू येत असतं आणि येत नाही म्हणतात." तिने कागद पुढे केला. "हे बघा. सुरांना पंचावन्न डेसिबलला उत्तर देतायत. म्हणजे कानाला साधी मशीन लावली तरी काम भागेल, ऑपरेशनची गरजच नाय. आणि शब्द विचारले तर पंचवीसातला एक नाही. असं नसतं होत. ज्याला पंचावन्नला सूर येतो, त्याला शब्दही थोडे तरी येतातच. आकडे जुळत नाहीत. मला असं लिहावं लागेल, की पेशंट शब्दांच्या वेळी सहकार्य करत नव्हता."

त्या कागदावर जे एकच खरं होतं, त्याला खोटं ठरवलं जात होतं, आणि जे खोटं होतं, त्याच्या आधारावर. तसं लिहिलं गेलं, तर डॉक्टर तार बसवणार नाहीत. आणि वर अण्णा लबाड ठरतील. बरं, अण्णांची त्यात चूक कोणती? कान चांगला निघाला तरच लेक आपल्याला प्रकाशासाठी निवडेल, असं समजून बिचारे जिवापाड पास व्हायला बघत होते.

"ते शब्द खरे आहेत," ती म्हणाली. "सूर खोटे आहेत."

दीपालीने पुन्हा कागदावरच्या खुणा पाहिल्या.

"ते तुमचा खांदा बघतात. चित्राच्या काचेत." आणि मग, दारापलीकडच्या माणसाला ऐकू जाणार नाही याची पूर्ण खात्री असताना, तिने सगळं सांगितलं. काचेची खोली, कापूस, आईच्या हातातला चमचा, थोडं चुकण्याची युक्ती. दीपालीने मधे एकदाही तिला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर प्रियदर्शिनीला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. ज्याला सांगायचं तो आत पाठमोरा बसला होता.

"मी दोन महिने त्या गाडीवर काम केलंय," दीपाली हळूच म्हणाली. "दिवसाला ऐंशी माणसं. वर बघायला फुरसत नसायची." मग तिने विचारलं, "काय करू या?"

"खुर्ची फिरवा. भिंतीकडे तोंड करून. आणि ते चित्र काढा."

दीपालीने चित्र उतरवून बाहेर आणून ठेवलं. नागोरावांना तिने खुणेने उठवलं, खुर्ची कोऱ्या भिंतीकडे वळवली, हेडफोन पुन्हा चढवला, बटण हातात दिलं. त्यांनी मान वळवून एकदा चौकटीची रिकामी जागा पाहिली. मग समोर भिंतीकडे बघत, निळ्या शर्टाच्या बाह्या सारख्या करून ते बसले.

या वेळी प्रियदर्शिनी आत, यंत्राजवळ उभी राहिली. दीपालीने सूर सोडला. पन्नास. साठ. सत्तर. ज्या पायरीला बाहेरच्या बाकावरचा माणूस दचकावा, ती पायरी गेली. उजवा कान, डावा कान, खालचे सूर, वरचे सूर. अंगठा बटणावर तयार होता, वाकलेला, जराही न हलणारा. दीपाली प्रत्येक पायरीनंतर थोडी थांबत होती, एखाद्याला दार उघडायला वेळ द्यावा तशी. यंत्राचा काटा शेवटच्या खुणेला टेकला. कागदावर खाली वळलेले बाण उमटले होते, एका ओळीत. तसा बाण 'उत्तर नाही' यासाठी काढतात. प्रियदर्शिनीने अशी सरळ रेष वीस दिवसांपूर्वी पाहिली होती. तेव्हा तिच्यापुढे प्राणी होता.

दीपालीने यंत्र बंद केलं. आणि मग भिंतीकडे तोंड करून बसलेले नागोराव, न वळता, आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "सुरू न्हाई झालं का अजून?"

प्रियदर्शिनी पुढे गेली. भिंत आणि खुर्ची यांच्यामधे जेमतेम जागा होती. तिथे ती खाली बसली, म्हणजे तिचं तोंड त्यांना नीट दिसेल. तिने त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढला. पाटी दवाखान्यात आणलेली होती, पण ती तिने घेतली नाही.

"झालं, अण्णा," ती सावकाश म्हणाली. "झालं."

त्यांनी तिचे ओठ वाचले. मग हातातल्या बटणाकडे पाहिलं.

"खांदा दिसला न्हाई आज," ते म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता.

ती बोलत गेली. एकेक शब्द सुटा करून, जिथे त्यांच्या कपाळाला आठी पडेल तिथे पुन्हा. प्रकाश होणार नाही. माझ्याकडून होणार नाही, आणि कधी होईल ते माहीत नाही. ही तपासणी तारेसाठी आहे, मी खोटं बोलले. चार वर्षं मी तुम्हाला थांबवलं. आणि त्याआधीचं, चमच्याचं. ती हसायची गोष्ट नव्हती. मी तुम्हाला नापास होऊ द्यायला हवं होतं.

नागोरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही की तिला उठवलंही नाही. ते फक्त तिच्या ओठांकडे पाहत राहिले, जणू आणखी काही यायचं बाकी आहे. मग त्यांनी विचारलं, प्रकाश का होणार नाही. तिने काचतंतू फिरवल्याचं, टिकटिकीचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

"म्हंजे तुझ्या त्या जनावरांनी बी खांदाच बगितला म्हन की."

तिने मान हलवली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं, आणि तिथेच अडलं. त्यांची नजर तिच्यावरून मागच्या कोऱ्या भिंतीवर गेली.

"ती तार कवा घालतेत, ते विचार डॉक्टरला," ते म्हणाले. "जेवढं येईल तेवढं येईल." आणि तिने उठायला हात टेकला, तसा त्यांनी तो धरला. "थांब. पंढरीकडं ती गाडी आता कवा येनार हाय?"

"बुधवारी."

त्यांनी बटण मांडीवर ठेवलं. डाव्या हाताची बोटं उघडली आणि उजव्या अंगठ्याने, ज्याने ते मघापासून वाट पाहत होते त्याच अंगठ्याने, एकेक पेर दाबत ते नावं घेऊ लागले. पंढरी. अंकुश. दातिवऱ्याचा तो उंच पोरगा. चिंतू, तो तर सोडून गेला, पण गाव ठाऊक आहे. प्रत्येक नावाशी ते थांबत होते. त्या माणसाला आपण कुठे उभं राहून शिकवलं होतं, कँटीनच्या मागे की सायकलींपाशी, हे त्यांना आठवत असावं.

"लिही," ते म्हणाले. "मी सांगतो."

दीपालीने टेबलावरचा एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. पाचव्या नावाला नागोराव अडले. ते डोळे मिटून आठवत राहिले, आणि प्रियदर्शिनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून, कागद गुडघ्यावर धरून थांबली.